दुपारची गळती

३ तारीख, सोमवार

गेल्या आठवड्यात जुन्या गाडीची क्लचप्लेट जळाली. दोन वर्षांतली ही चौथी. या खेपेला निमित्त माझ्याकडे शिकायला येणारे बेकरीवाले झाले. माणूस सज्जन, पण क्लचवर पाय असा ठेवतात की बसच्या पायरीवर उभे आहेत. चोवीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो आहे. हजारावर माणसं माझ्या शेजारी बसून शिकून गेली आणि त्यातल्या प्रत्येकानं आपली पहिली भीती क्लचवरच काढली.

मुलगी म्हणाली, "बाबा, ज्या गाडीला क्लचच नाही ती घ्या ना." मला थट्टा वाटली. ती विजेच्या गाडीबद्दल बोलत होती. शोरूममधला माणूस घरी येऊन गेला. तो कायम टाय लावतो, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव टायवालाच पडलं आहे. ठरलं असं की एकवीस दिवस गाडी शिकवणीला वापरायची, रोजच्या कामाला पुरते का ते पाहायचं, आणि २३ तारखेला ठेवायची की परत द्यायची ते सांगायचं. शिक्षकाच्या बाजूचा जादा ब्रेकही त्यानं बसवून दिला.

आज गाडी आणताना फजिती झाली. पहिल्याच चौकात माझा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि त्याला सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली. टायवाल्याचा चष्मा उडून समोरच्या काचेवर आपटला. "सर, डावा पाय घरी ठेवून येत जा," तो चष्मा पुसत म्हणाला.

देवाचं नाव घेऊन बटण दाबलं तर काहीच आवाज नाही. गाडी सुरू झाली की नाही हे मलाच कळेना. चोवीस वर्षं मी शिष्यांना सांगत आलो, इंजिनाचं ऐका, ते आधी बोलतं. इथे बोलायला कोणीच नाही.

बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडलं, सीट आडवी पाडली आणि किती जागा होते ते वितीनं मोजलं. ती पडदे शिवते, त्यामुळे कशाचंही माप घ्यायची तिला सवय आहे. गाडी चालवण्यात मात्र तिला कधीच रस नव्हता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी शिकवायला घेतलं होतं. एका दिवसात तिनंच सोडून दिलं.

५ तारीख, बुधवार

रात्री शंभर टक्के भरून लावायची, दिवसभर वापरायची, असा क्रम बसतो आहे. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते सात शिकवणी, साधारण साठ किलोमीटर, त्याला तीस टक्के जातात. म्हणजे एक टक्का म्हणजे दोन किलोमीटर. मी टक्के एका वेगळ्या वहीत लिहितो. किलोमीटरच्या आकड्याकडे लक्ष जात नाही, कारण जुन्या गाडीचा तो काटा अकरा वर्षांपूर्वी बंद पडला आणि तिकडे पाहायची सवयच मोडली.

दोन शिष्य सोडून गेले. एक म्हणाला, "गिअर न शिकता कसली गाडी, सर? उद्या मामांची गाडी हातात आली तर काय करू?" त्याचं म्हणणं चूक नाही. त्याला दुसऱ्या शाळेचा पत्ता मीच दिला.

जेवताना बायकोनं एक गोष्ट सांगितली. शहराबाहेर नर्सिंगच्या मुलींचं नवं वसतिगृह झालं आहे, बासष्ट खिडक्या. तिथल्या व्यवस्थापक बाईंना हिचं काम आवडलं आहे. पण दोन महिने रोज तिथे जावं लागेल, कापड, दांडे, शिडी घेऊन. वसतिगृह इथून चौदा किलोमीटर. तिकडे बस जात नाही. हो की नाही ते महिनाअखेर कळवायचं आहे.

"तुम्हाला सोडता येईल का?" तिनं विचारलं.

"बघू. शिकवणीच्या वेळात बसलं तर," मी म्हणालो.

"बासष्ट खिडक्या तुमच्या वेळात कशा बसतील?" असं म्हणून ती ताटं उचलायला गेली. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच आलं आहे. पण माझाही इलाज नाही.

६ तारीख, गुरुवार

दुपारी एक ते तीन मी झोपतो, हे देवाच्या कृपेनं कधी चुकत नाही. झोपायला गेलो तेव्हा गाडीत एक्क्याऐंशी टक्के होते. चारला शिकवणीला निघालो तर सत्त्याहत्तर. उभ्या गाडीतून चार टक्के गेले.

८ तारीख, शनिवार

आज सहा टक्के गेले.

टायवाल्याला फोन केला. तो म्हणतो उभ्या गाडीतून दिवसाला एखादा टक्का गेला तर गेला, दोन तासांत सहा कसे जातील? मी म्हणालो, "मी तेच तुम्हाला विचारतोय."

आणखी एक. चालकाची सीट दर वेळी थोडी पुढे सरकलेली सापडते. सकाळची शेवटची शिकवणी बेकरीवाल्यांची असते आणि त्यांचं पोट पाहता सीट पुढे त्यांनी ओढली असणं शक्य नाही. बहुधा सीटची खाच ढिली असावी. तेही लिहून ठेवलं.

१० तारीख, सोमवार

आज खरी परीक्षा झाली, आणि ती माझी. बेकरीवाल्यांना लांबचा रस्ता दाखवायला नेलं होतं. रात्री चार्जिंगची वायर नीट बसली नव्हती, हे मी सकाळी पाहिलंच नाही. परतताना आकडा अकरावर. बेकरीवाल्यांनी स्वतःहून एसी बंद केला, मग रेडिओ, मग म्हणाले, "सर, माझं वजन उतरवायचं असेल तर मी मागून चालत येतो."

रस्त्यातल्या चार्जिंगच्या जागेवर एक पेट्रोलची गाडी उभी, मालक बेपत्ता. तो येईपर्यंत आम्ही दोघं कठड्यावर बसलो. बेकरीवाल्यांनी पिशवीतून पाव काढले. त्यांना मुलीच्या गावाला एकट्यानं गाडी घेऊन जायचं आहे, जावयाला दाखवायचं आहे की सासरा अजून म्हातारा नाही. चौतीस मिनिटांत घरापुरता भरणा झाला. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागली असती. पण त्या पाच मिनिटांत मला बेकरीवाल्यांचा जावई कळला नसता.

रोजच्या चालवण्याला ही गाडी पुरते, असं माझं मत होत चाललं आहे. विसरभोळ्या माणसाला ती शिस्त लावते. फक्त दुपारची गळती.

११ तारीख, मंगळवार

नऊ टक्के. रोग वाढतो आहे. एक विचित्र गोष्ट म्हणजे काल सोमवारी, परवा रविवारी काही गेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात शुक्रवारीही नाही. गळतीचे वार ठरलेले दिसतात: मंगळ, गुरु, शनि. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि याच तीन दिवशी दुपारी तिला सुट्टी असते. म्हणून तिला म्हटलं, "तू घरी असतेस ना, जरा गाडीवर लक्ष ठेव." ती म्हणाली, "ठेवतेच आहे बाबा." आणि तिला एकाएकी ठसका लागला.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, उतारावर पाय काढला की टक्के परत वाढतात, असं असतं का?"

"असतं. तुला कोणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी. आणि गाडी मागे घेताना त्या पडद्यावर बघायचं की आरशात?"

"आधी आरशात. पडदा नंतर."

ती मुलीकडे बघून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" पडद्यांच्या धंद्यातल्या बाईला पडदा हा शब्द ऐकला की राहवत नाही. एकूण घरात गाडीची गोडी वाटू लागली आहे, हे चांगलंच.

१३ तारीख, गुरुवार

चौदा टक्के.

आज मी घाबरलो. दोन तासांत चौदा. उद्या एखाद्या शिष्याला घेऊन बाहेर असताना असं झालं तर? माझ्या भरवशावर लोक पहिल्यांदा रस्त्यावर येतात. जिचं मला कळत नाही अशा गाडीत त्यांना बसवणं बरोबर नाही. संध्याकाळी बराच वेळ डोळे मिटून बसलो. मन शांत झालं, पण बॅटरीबद्दल उत्तर आलं नाही.

बायको आज फार खुशीत होती. शिवताना गुणगुणत होती. तिला काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. आज जमलं." कसला तरी अवघड पडदा असावा.

१४ तारीख, शुक्रवार

जेवताना सांगून टाकलं, गाडी २३ तारखेला परत करणार. जुनीलाच नवी क्लचप्लेट टाकू.

मुलीचा घास हातातच राहिला. "बाबा, पण बॅटरी चांगली आहे."

"चांगली असती तर गळली असती का?"

"आई, तू सांग ना."

बायकोनं पाणी वाढलं आणि मग म्हणाली, "गाडी त्यांची आहे. ते म्हणतील तसं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. मग मुलीनं विचारलं, वसतिगृहाला काय कळवायचं? बायको म्हणाली, "काय कळवणार, नाही म्हणून कळवेन." या दोन गोष्टींचा संबंध मला लागला नाही.

१५ तारीख, शनिवार

शनिवार असून एक टक्काही गेला नाही. चमत्कार म्हणावा तर आनंद मला एकट्यालाच झाला आहे. घरात कोणी धड बोलत नाही.

१७ तारीख, सोमवार

टायवाला स्वतः तपासायला आला. गाडीत बसला, काही बटणं दाबली, माझी टक्क्यांची वही मागून घेतली आणि समोरच्या आकड्यांशी ताडून पाहत बसला. मग त्यानं टाय सैल केला. तो टाय सैल करताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"सर, दुपारी गाडी कुठे असते?"

"इथेच. अंगणात."

"आणि तुम्ही?"

"मी झोपलेला."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बायको शिवणाच्या मशीनवर होती, पण मशीन चालत नव्हतं. दोघांची नजरानजर झाली असं मला वाटलं. तो म्हणाला, "सर, बॅटरी ठणठणीत आहे. गळती गाडीत नाही, तुमच्या घरात आहे."

सरळ सांगतील तर हे शोरूमवाले कसले. घरचं वायरिंग जुनं आहे, तिकडे त्याचा रोख असणार.

१८ तारीख, मंगळवार

वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर, बोर्ड, अंगणातला सॉकेट, सगळं उघडून पाहिलं. वायरिंग उत्तम आहे म्हणाला. मी त्याला वार सांगितले, टक्के सांगितले, सीटची खाच सांगितली. तो ऐकता ऐकता पाण्याचा पेला तसाच धरून बसला.

"काका, सीट पुढे सरकते?"

"हो."

"आणि आरसा?"

"आरसाही थोडा खाली झुकलेला असतो. का?"

"काही नाही," तो म्हणाला. "काकूंची उंची किती?"

आगाऊ माणूस आहे. मी त्याला वाटेला लावलं. जाताना फाटकाशी उभा राहून तो मुलीबरोबर बराच वेळ हसत होता.

२० तारीख, गुरुवार

हे नीट लिहितो.

आज दुपारी झोपलो नाही. केस कापायचे राहिले होते म्हणून चालत न्हाव्याकडे गेलो. परत येताना पोस्टाच्या पेटीपाशी पोचलो, तर समोरच्या वळणावरून एक गाडी येत होती. मला गाड्या बघायची सवय आहे, माणूस कसा शिकला आहे ते वळणावर कळतं. या चालकानं वळणाच्या बरंच आधी इशारा दिला. वेग आधी कमी केला, वळताना नाही. एक सायकलवाला मध्ये आला, त्याला हॉर्न न वाजवता जाऊ दिलं. मनात आलं, ज्यानं कोणी याला शिकवलं आहे त्यानं मन लावून शिकवलं आहे.

मग लक्षात आलं की गाडीवर माझ्याच शाळेची पाटी आहे. शिक्षकाच्या जागी माझी मुलगी आणि चाकावर माझी बायको.

मी पेटीच्या मागे झालो. का झालो ते सांगता येत नाही. गाडी जवळून गेली. बायकोचे दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ, ओठ थोडे आवळलेले. सुईत दोरा ओवताना ती असेच ओठ आवळते.

मी तिथेच उभा राहून हिशेब मांडला. वसतिगृह चौदा किलोमीटर. जाऊन येऊन अठ्ठावीस. अठ्ठावीस म्हणजे चौदा टक्के. "आज जमलं," ती त्या दिवशी म्हणाली होती.

चोवीस वर्षं आवाज ऐकून गाडी ओळखतो म्हणून मिरवलो. जुनी गाडी असती तर झोपेतही कळलं असतं. या गाडीचा आवाज नाही म्हणून कळलं नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. पण सीटला काही आवाज लागतो का? पंधरा दिवस तिचं सगळं चेहऱ्यावर होतं आणि मी सॉकेट उघडत बसलो.

२१ तारीख, शुक्रवार

सकाळची शिकवणी संपवून घरी आलो. ती मशीनवर दुमड घालत होती. मी म्हणालो, "काल वळणावर इशारा अगदी वेळेवर दिलास."

मशीन थांबलं.

"कुठून बघितलंत?"

"पोस्टाच्या पेटीमागून."

"मागे कशाला?"

"तू बिचकली असतीस."

"पेटी केवढी, तुम्ही केवढे," ती म्हणाली. हसू दाबत होती, मग दाबलं नाही.

मी विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

तिनं दोरा दातानं तोडला आणि शांतपणे विचारलं, "तेव्हा मला शिकवताना चढावर काय म्हणालात, आठवतंय?"

आठवतंय. गाडी चार वेळा बंद पडली होती. मागे गाड्या थांबल्या होत्या, लोक बघत होते. मी म्हणालो, "उतर. तुला नाही जमायचं." ती उतरली आणि घरापर्यंत चालत आली. मी गाडीतून पुढे निघून आलो, कारण पुढच्या तासाचा शिष्य वाट पाहत होता. परक्या माणसांची गाडी चाळीस वेळा बंद पडली तरी मी त्यांना म्हणतो, "होतं असं, पुन्हा करू." हजारावर लोकांना म्हटलं. तिला नाही म्हटलं.

पहिल्या दिवशी या वहीत मी लिहिलं आहे की तिनंच सोडून दिलं. ते खोडत नाही. लिहिलेलं दिसत राहू दे.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच," ती म्हणाली. "वीस वर्षं होऊन गेली. चहा घेणार का?"

चहा घेताना वसतिगृहाचं विचारलं. ती काल नाही सांगायलाच गेली होती, फोनवर सांगवलं नाही म्हणून. पण व्यवस्थापक बाई बाहेर होत्या, खोलीला कुलूप होतं. तेव्हा नाही अजून पोचलेलं नाही.

मी वही आणली. माझी सकाळ-संध्याकाळ तीस टक्के. तिचं जाणं-येणं चौदा. थंडी-उन्हाचे, गर्दीचे धरून आणखी दहा. रात्री भरणा. अकरा ते चार गाडी तिची, बाकी माझी. आकडे तिच्यापुढे ठेवले. तिनं दोनदा तपासले, कापडाचा हिशेब तपासते तसे, आणि म्हणाली, "शिडी आत मावत नाही. शिडी तिथेच ठेवायला मिळेल का, बाईंना विचारते." मग तिनं फोन लावला.

२३ तारीख, रविवार

टायवाला कागद घेऊन आला. गाडी ठेवतो म्हटलं. कागदावर रकाना होता, गाडी मुख्यतः कोण चालवणार? मी दोन नावं लिहिली, तिचं वर. टायवाला म्हणाला, "गळती सापडली वाटतं सर." मी म्हणालो, "तुम्ही टाय सैल केलात तेव्हाच मला कळायला हवं होतं."

२७ तारीख, गुरुवार

आज तिची परवान्याची चाचणी. शिकाऊ परवाना मुलीनं तिला गेल्या महिन्यातच काढून दिला होता, हेही मला आता कळलं. गाडीत बसायला मला परवानगी नव्हती. बाकावर बसून देवाचं नाव घेत होतो. चोवीस वर्षं शिष्यांच्या चाचणीला मी आत वर्तमानपत्र वाचत बसतो.

अधिकारी मला ओळखतात. गाडी परत आली तेव्हा त्यांनी कागदावर सही करत तिला विचारलं, "सरांकडेच शिकलात?"

"नाही. मुलीकडे."

"मग हे?"

"हे गाडी रात्री चार्जिंगला लावतात."

अधिकारी इतके हसले की सही रकान्याबाहेर गेली. पास झाली. मुलीनं मला दवाखान्यातून फोन करून सांगितलं, "बाबा, माझ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला."

३ तारीख, गुरुवार

आज तिचा वसतिगृहातला पहिला दिवस. अकराला दहा मिनिटं असताना बेकरीवाले आले. परवा त्यांचीही चाचणी झाली, आणि ते पास झाल्याचे पाव घेऊन आले होते. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. तिनं कापडाचे गठ्ठे मागे रचले, पट्टा लावला, आरसा पाहिला आणि काच खाली केली.

"अहो, आरशात नुसते तुम्हीच दिसताय. बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. गाडी मागे आली, सरळ झाली आणि वळणापर्यंत जाऊन इशारा देऊन दिसेनाशी झाली.

बेकरीवाले म्हणाले, "काय सर, पहिल्या दिवशी तरी शेजारी बसायचं होतं."

"जागा कुठे होती?" मी म्हणालो. माझ्या सीटवर पडद्याचे सात दांडे होते, तिनं पट्टा लावून बसवलेले.